यादीतली शेवटची वस्तू

रिकाम्या खुर्चीची मला भीती वाटते. ऐकणाऱ्याला हसू येतं, येऊ दे. भुताखेतांना मी कधी भ्यायले नाही, आणि कॉलनीत साप निघाला तर लोक अजूनही मलाच हाक मारतात. पण एखाद्या खुर्चीत कुणी बसलेलं नाही असं मला स्वच्छ दिसत असलं, की माझे हात गार पडतात. हे असं का झालं ते सांगायचं तर आधी माझ्या खेळाबद्दल सांगायला हवं.

मी पद्मजा मगदूम, राहणार कोल्हापूर. एका दैनिकात मी मुद्रितशोधनाचं काम करायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका हुडकायच्या आणि घरी आल्यावर कॉम्प्युटरवर वस्तू हुडकायच्या, हा माझा क्रम. निवृत्त झाल्यावर त्यातला पहिला निम्मा सुटला, दुसरा वाढला. ते खेळ तुम्ही पाहिले असतील. एखादी ओसाड हवेली, तिच्यात हरवलेली एक मुलगी, पुढचं दार बंद. दाराची किल्ली हवी असेल तर समोरच्या खोलीतल्या पसाऱ्यातून यादीतल्या वस्तू हुडकायच्या. मोरपीस पडद्याच्या नक्षीत मिसळलेलं असतं, कात्री खिडकीच्या गजाला चिकटून उभी असते. गंमत अशी की लपवलेलं सगळं उघड्यावरच असतं. आपली नजर चार वेळा त्याच्यावरून गेलेली असते. आपण वैतागतो, खेळ करणाऱ्याचा उद्धार करतो, आणि मग ती वस्तू एकदम दिसते. एकदा दिसली की ती न दिसणं अशक्य. त्या एका क्षणापायी मी कित्येक भाज्या करपवल्या आहेत.

करपलेली भाजी मुकाट्यानं खाणारे गृहस्थ म्हणजे माझे यजमान, भूपाल मगदूम. सगळी कॉलनी त्यांना मगदूमच म्हणते आणि त्यांच्या पाठीमागे मीही तेच म्हणते. ते साखर कारखान्यात केमिस्ट होते. आयुष्यभर लोकांसाठी साखर केली आणि शेवटी थोडी स्वतःच्या रक्तात ठेवून घेतली, असं मी त्यांना चिडवायची. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी इन्सुलिन. बोलणं मोजकं. दोन गोष्टींत मात्र तडजोड नाही: स्वयंपाकघरात खिडकीकडची वेताची खुर्ची त्यांचीच, आणि सूर्य मावळायच्या आत जेवण. आम्ही जैन. हा नेम मी सोयीनं पाळते, ते अक्षरशः पाळतात. दिवे लागल्यावर अन्नाचा कण त्यांच्या तोंडात जात नाही, मग समोर राजा येऊन बसो.

गेल्या वर्षी माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. मिरजेला शस्त्रक्रिया झाली. गढूळ झालेलं भिंग काढून तिथे बनवलेलं भिंग बसवतात, हे आपल्या आज्यांच्या वेळेपासून चालत आलं आहे. माझ्या डोळ्यांत बसवलेलं भिंग नव्या तऱ्हेचं होतं. त्यावर केसाहून पातळ असा एक पापुद्रा होता. तो चित्र उमटवू शकायचा, डोळा नेमका कुठे बघतो आणि बाहुली किती उघडते हे मोजू शकायचा, आणि पापण्यांच्या उघडझापीवर स्वतःची वीज स्वतःच तयार करायचा. बाहेरून बंद करायला त्याला बटण नव्हतं.

तिथे आस्मा जमादार नावाची एक तरुण इंजिनियर होती. तिनं मला कागदावर एक फुली आणि थोड्या अंतरावर एक ठिपका काढून दिला. एक डोळा झाकून फुलीकडे बघत मी कागद हळूहळू जवळ आणला, तर एका जागी ठिपका चक्क गेला. तिनं सांगितलं, डोळ्यातून मेंदूकडे शीर जिथून निघते तिथे दिसायची सोयच नसते. प्रत्येकाच्या डोळ्यात असा एक आंधळा ठिपका असतो. तरी आपल्याला जगाला भोक पडलेलं दिसत नाही, कारण मेंदू आजूबाजूचा रंग ओढून तिथे पसरतो. भिंत असली तर भिंत, आकाश असलं तर आकाश. नवं भिंग हेच करणार होतं, फक्त ते ठरवेल त्या जागी.

हे कशासाठी, तर मेंदूला नव्या नजरेची सवय व्हावी म्हणून. त्या व्यायामाचं नाव 'हुडक'. सकाळी मी घरभर एकदा नजर फिरवायची. भिंग घरातल्या काही वस्तू पुसून टाकायचं आणि त्यांच्या काळ्या आकृत्या माझ्या नजरेच्या खालच्या कोपऱ्यात ओळीनं मांडायचं. पुसलेल्या वस्तूची एखादी कड, एखादं टोक मात्र ते शिल्लक ठेवायचं, नाहीतर तो खेळ कसला. त्या कडेवर नजर रोखून 'सापडलं' म्हटलं की वस्तू जागेवर हजर, आणि डोळ्यांपुढे पिवळ्या फुलांचा सडा. वाटेल तिथे बघून 'सापडलं, सापडलं' करत सुटलं तर तिसऱ्या चुकीला डोळ्यांपुढे धुकं. कॉम्प्युटरवरही वाटेल तिथे टिचक्या मारणाऱ्याला अशीच शिक्षा असते, त्यामुळे मला ते रास्तच वाटलं.

मी आस्माला विचारलं, की बाई, एक साधी कात्री सापडल्यावर माणसाला एवढं काय होतं?

ती म्हणाली, "काकू, डोळ्याला वस्तू आधी सापडते आणि मनाला ती बातमी जरा उशिरा पोचते. त्या मधल्या वेळात बाहुली मोठी होते. सगळी मजा तिथं आहे. भिंग ती मजा मोजतं आणि उद्या काय लपवायचं ते त्यावरून ठरवतं."

मग तिनं विचारलं, हार मानायची सोय ठेवू का? 'हरले' म्हटलं की खेळ तिथल्या तिथे बंद आणि सगळं जसंच्या तसं दिसायला लागणार. पुष्कळ पेशंट ती ठेवतात. इथे मला आमच्या हादग्याची खिरापत आठवली. हत्तीच्या चित्राभोवती फेर धरून गाणी संपली, की झाकलेला डबा मधे यायचा. तो कानाशी हलवून आत काय आहे ते ओळखायचं. सगळ्याजणी 'हरलो' म्हणाल्या की झाकण निघायचं. मी कधी हरले म्हणायची नाही. बाकीच्या पोरी भुकेनं रडकुंडीला यायच्या आणि मी डबा कानाशी धरून बसलेली. तेव्हा आस्माला मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "काढून टाक ती सोय. आमच्याकडं खिरापत ओळखल्याबिगर डबा उघडत नाहीत." ती जरा घुटमळली. पुढच्या तपासणीला पाहिजे तर परत घालता येईल म्हणाली, आणि तिनं ती काढली.

सुरुवातीला हुडक म्हणजे नुसती धमाल होती. चहाची गाळणी, चिमटा, लिंबू. मी सकाळच्या चहाआधीच यादी संपवून मोकळी व्हायची. मग एके दिवशी त्यानं माझ्या आईचा अडकित्ता लपवला. तो सापडल्यावर मला भरून आलं, आणि दुसऱ्या दिवसापासून गाळण्या-चिमटे बंद झाले. पुढे एकदा मंगळसूत्र दिसेना. खेळाचं भान मला राहिलं नाही. चोरीच झाली असं धरून मी घर उलथंपालथं केलं, पलंगावर बसून रडले, आणि ते आरशाच्या खिळ्याला रोजच्या जागी लटकत होतं. त्या दिवशी फुलं किती तरी वेळ पडत राहिली. भिंगाला तेव्हा काय कळलं असेल ते आज मला समजतं. धास्तावलेल्या माणसाला वस्तू परत मिळाली की त्याची बाहुली सगळ्यांत मोठी होते. तेव्हा मात्र मी नुसती खूश होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी दुपारचा चहा घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आले, तर वेताची खुर्ची रिकामी. पाठीचं वेत, बसकणीवरची विटकी गादी, सगळं व्यवस्थित दिसत होतं. कप ठेवून मी वळले आणि मागे खोकला ऐकू आला. नीट बघितलं तर खुर्चीच्या वर हवेत चष्म्याची एक काडी तरंगत होती. मी म्हटलं, "सापडलं." आणि मगदूम अख्खेच्या अख्खे समोर आले.

मी हसून हसून खाली बसले. आणि खरं सांगते, त्या क्षणी जो आनंद झाला तो लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर कधी झाला नव्हता. त्यांचे केस किती विरळ झाले होते. शर्टाची कॉलर उसवली होती. कानाजवळ एक तीळ होता, तो मी विसरूनच गेले होते. इतकं टक लावून मी या माणसाकडे शेवटचं कधी बघितलं होतं कोण जाणे. ते अवघडले. मी सगळा प्रकार सांगितल्यावर त्यांनी कप न पिता तसाच खाली ठेवला आणि विचारलं, "मी काय वस्तू आहे?"

मग हे वारंवार होऊ लागलं. मला त्यात काही वाईट दिसत नव्हतं. सापडायचेच की शेवटी. मगदूम मात्र धसकले. खोलीत शिरताना उगाच खाकरायला लागले, दाराची कडी वाजवायला लागले. एकदा ते माझ्यासमोर उभे होते आणि मी त्यांच्या पलीकडच्या कॅलेंडरवर तारीख बघत होते. त्यांनी माझा दंड धरला तेव्हा मी किंचाळले. त्यावर ते जे बोलले ते मला झोपेतही ऐकू येतं. म्हणाले, "तुझी नजर माझ्यातनं आरपार जाते, पद्मा. मेल्यावर असंच असेल."

मिरजेला जाऊन हे काढून ये, असा त्यांनी धोशा लावला. मी आज-उद्या करत राहिले. शेवटी एका सकाळी वाजलंच. त्यांचं म्हणणं, खेळ राहील नाहीतर मी राहीन. माझी जीभ तुम्हाला एव्हाना कळली असेल. मी म्हटलं, "तुम्ही तसेही असून नसल्यासारखेच. खेळानं निराळं काय केलं?"

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि अबोला धरला.

आमच्या घरच्या अबोल्याला नियम आहेत. जेवण तयार झालं की मी झाकणावर पळी वाजवायची. त्यांनी इंजेक्शन घेऊन खुर्चीत येऊन बसायचं. मी वाढायचं, त्यांनी जेवायचं. ते मागत नाहीत, मी विचारत नाही. असे आम्ही आठवडेच्या आठवडे काढलेले आहेत आणि कुणी उपाशी राहिलेलं नाही.

त्या संध्याकाळी ऊन समोरच्या गच्चीवर चढायच्या आत माझा स्वयंपाक झाला. मी पळी वाजवली. वळून बघितलं तर खुर्ची रिकामी. थोडं थांबून पुन्हा वाजवली. दिवसभराच्या यादीतली एकच आकृती उरली होती: खाली रुंद, वर निमुळती, जरा एका बाजूला कललेली. मला ती गाठोड्यासारखी वाटत होती, आणि त्या गाठोड्यासाठी मी दुपारभर कपाटं आणि पोटमाळा धुंडाळला होता. माझं अर्धं लक्ष त्यात. मगदूम आले नाहीत म्हणजे रुसून देवळात जाऊन बसले असणार, असं मी धरलं. भाकरी दुरडीत झाकली, भाजीवर ताटली ठेवली, आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत मोठ्यानं म्हटलं, "राहू दे उपाशी."

मग मी गाठोडं हुडकायला मागच्या बाल्कनीत गेले.

दिवे लागले. पाणी प्यायला आत आले तेव्हा ओट्याच्या कडेला इन्सुलिनच्या पेनाचं टोपण आणि सुईचं वेष्टण पडलेलं दिसलं. म्हणजे त्यांनी इंजेक्शन घेतलं होतं. वर जेवण नाही. दिवे लागले म्हणजे आता ते काही खाणारही नव्हते. डॉक्टरांनी किती वेळा बजावलं होतं, की इन्सुलिन घेऊन पोटात काही गेलं नाही तर रक्तातली साखर उतरत जाते, माणूस घामाघूम होतो, बरळतो आणि मग शुद्ध हरपते. मी फोन लावला, तो आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला वाजला. मी तशीच बाहेर पडले आणि देवळापर्यंत धावत गेले. देवळातल्या पुजाऱ्यानं सांगितलं, आज मगदूमकाका फिरकलेच नाहीत. वाटेतल्या दुकानदारानंही पाहिलं नव्हतं. हा माणूस कुठल्या कडेला पडला असेल, लोक त्याला दारुडा समजून ओलांडून जात असतील, असं काय काय मनात येत होतं.

घरी येऊन दारात चपला काढल्या, आणि माझ्या चपलांशेजारी त्यांच्या चपला होत्या.

मी तिथेच भिंतीला धरून उभी राहिले. ते बाहेर गेलेच नव्हते. मग मी नजरेच्या कोपऱ्यातल्या त्या आकृतीकडे पुन्हा बघितलं. खाली रुंद, वर निमुळती, एका बाजूला कललेली. ते गाठोडं नव्हतं. खुर्चीत मान कलती करून बसलेला माणूस होता तो. मी पळी वाजवली तेव्हा ते येऊन बसले होते. त्यांच्यादेखत मी भाकरी झाकली होती. त्यांच्या तोंडावर मी म्हटलं होतं, राहू दे उपाशी. आणि अबोल्यात ते मागणार नव्हते.

मी स्वयंपाकघरात धावले आणि म्हणाले, "हरले." जन्मात पहिल्यांदा म्हणाले. काही झालं नाही. "हरले, हरले गं बाई, हरले." आकृती जागची हलली नाही. ती सोय मीच काढायला लावली होती.

खुर्चीवर हात ठेवला. हाताला माणूस लागला नाही, नुसतं वेत लागलं, आणि गादी ओली होती. घामानं भिजली होती. म्हणजे इथे बसले होते आणि उठून कुठेतरी गेले होते. साखर उतरलेला माणूस भ्रमिष्टासारखा कुठेही जातो. न्हाणीघरात, बाल्कनीत. बाल्कनीचा कठडा आमच्याकडे कमरेइतकाच आहे. मी डॉक्टरांना फोन केला, ते निघतो म्हणाले. शेजारच्या दाराला कुलूप होतं, ती मंडळी लग्नाला गेलेली. घरात त्या वेळी दिसणारे डोळे माझे एकटीचे, आणि ते खोटं बोलत होते.

कुठेतरी कड शिल्लक असणार, तो खेळाचा नियम होता. मी कड हुडकायला लागले. खुंटीवर पंचाचं टोक दिसलं, मी म्हटलं सापडलं. तो नुसता पंचा होता. दाराआड काहीतरी चकाकलं, सापडलं. केरसुणीची तार. बटण, फरशीवर शर्टाचं बटण, सापडलं. ते सुटं पडलेलं बटण होतं. आणि घरावर पांढरं धुकं उतरलं.

मला काही म्हणजे काही दिसेना. नवरा याच घरात मरत होता आणि मी लख्ख उजेडात पांढऱ्या भिंतीसमोर उभी असल्यासारखी उभी होते. मला ओरडावंसं वाटलं. पण ओरडले असते तर ऐकू काय आलं असतं? तेव्हा तो डबा आठवला. खिरापत कुणी डोळ्यांनी ओळखत नाही. डबा कानाशी धरायचा आणि गप्प बसायचं.

मी डोळे मिटून घेतले आणि श्वास धरला. फ्रिज घरघरत होता. तो थांबेपर्यंतचा वेळ कसा गेला ते मला विचारू नका. तो थांबला. नळाचा एक थेंब पडला. आणि मग फार खालून, फरशीजवळून, लांबवलेला, जड असा श्वास ऐकू आला. झोपेत त्यांचं घोरणं सुरू व्हायच्या आधी येतो तसा. इतकी वर्षं त्याच्यावर मी चिडत आले होते.

मी गुडघ्यांवर बसले आणि हात पुढे करत सरकले. टेबलाचा पाय, फळीचा कोपरा, आणि मग ओला शर्ट. ते टेबल आणि फळी यांच्या मधे पडले होते. हात लावला तर अंग गार आणि चिंब. हाक मारली, उत्तर नाही. खालच्या फळीवर काकवीची बाटली असते, ती मला डोळ्यांशिवाय सापडते. बेशुद्ध माणसाला काही पाजायचं नाही, हिरडीला गोड चोळायचं, हे डॉक्टरांनी शिकवलेलं होतं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, बोट काकवीत बुडवलं आणि गालाच्या आतून चोळत राहिले. सूर्य मावळून गेल्यावर मी त्यांच्या तोंडात अन्न घालत होते. तो नेम त्यांनी तापातही मोडला नव्हता.

कधीतरी डोळे उघडले तेव्हा धुकं विरलं होतं. सगळं लख्ख दिसत होतं. माझी मांडी रिकामी होती.

वजन होतं. ओल्या केसांचा स्पर्श होता. श्वास माझ्या मनगटाला लागत होता. आणि डोळ्यांना दिसत होतं, की एक बाई फरशीवर बसून हवेत काकवीचं बोट फिरवते आहे. माझ्या गुडघ्याजवळ चष्म्याची एक काडी तेवढी तरंगत होती. कोपऱ्यातली आकृती पिवळी होऊन धडधडत होती. मी जवळ आले होते. आता फक्त काडीकडे बघायचं आणि एक शब्द म्हणायचा, की त्यांचा चेहरा मला दिसला असता. ते आहेत की चाललेत, ते कळलं असतं.

शब्द माझ्या ओठांवर आला होता. पण त्यानंतर जो आनंद होणार होता तो केवढा असेल हे मला ठाऊक होतं, आणि तो मोजायला भिंग टपून बसलं होतं. एवढा आनंद त्याला एकदा कळला असता तर त्यानं पुढे यांच्याशिवाय दुसरं काही लपवलं नसतं. मी डोळे घट्ट मिटले, पदर ओढून डोळ्यांवर बांधला, आणि चाचपडत काकवी चोळत राहिले. देवाचं नाव घेतलं की शिव्या दिल्या, ते आठवत नाही.

पुष्कळ वेळानं माझ्या बोटाला जीभ लागली. मग ओठ हलले. आवाज अगदी बारीक होता.

"दिवे लागले?"

"नाही अजून," मी म्हटलं. डोळ्यांवर पदर होता, तेव्हा माझ्यापुरतं ते खोटं नव्हतं. मग मी म्हटलं, "बोलत राहा. काहीही बोला, पण थांबू नका."

डॉक्टर आले, सलाईन लागलं, सगळं झालं. मी डोळ्यांवरची पट्टी काढली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच माझा हात धरून मला गाडीत बसवलं आणि मिरजेला नेलं. माझं मागणं एकच होतं, की त्यांनी बोलत राहायचं. कमी बोलणाऱ्या माणसाकडे बोलायला असणार काय? त्यांनी मला साखर कशी करतात ते सांगितलं. उसाचा रस, चुन्याची निवळी, गंधकाचा धूर, पाक, दाणा कसा धरतो ते. मिरज येईपर्यंत पोती शिवून झाली आणि मग त्यांनी परत उसापासून सुरुवात केली.

आस्मा फार घाबरली होती. तिनं भिंगातली नोंद वाचली. यंत्रात बिघाड म्हणावा असा काहीच नव्हता, ते शिकवल्याप्रमाणेच वागलं होतं. घरातल्या सगळ्या गोष्टींचे त्यानं प्रकार पाडले होते, आणि मगदूम सापडले 'रोजच्या वापरातल्या वस्तू' या प्रकारात. माझी नजर दिवसाकाठी त्यांच्यावर जितकी ठरायची, त्यावरून त्याला दुसरं काही वाटायचं कारण नव्हतं. आणि धुक्याच्या आधी मी घरभर सैरावैरा धावत होते तेव्हा माझ्या बाहुल्या इतक्या मोठ्या झाल्या होत्या, की त्याला वाटलं खेळ भलताच रंगला आहे.

मी विचारलं, आणखी किती घरांत असं चाललं असेल? किती जणांची माणसं लपली असतील?

ती मग म्हणाली, "काकू, तक्रार कोण करणार? ज्याला दिसत नाही, त्याला लपलंय हे कळायला तर पाहिजे."

आता माझ्या डोळ्यांत साधी भिंगं आहेत. ती काही लपवत नाहीत, काही मोजत नाहीत. कॉम्प्युटरही मी उचलून देऊन टाकला. तरी स्वयंपाकघरात गेले आणि वेताची खुर्ची रिकामी दिसली, की माझा हात आपोआप तिच्याकडे जातो. मगदूम घरात असले तर जिथे असतील तिथून म्हणतात, "आहे." अबोला असला तरी तेवढा एक शब्द ते म्हणतात. हा आमचा नवा नेम आहे.

परवा संध्याकाळी मी खुर्चीला हात लावला आणि कुणी काही म्हणालं नाही. देवळात गेले असतील, मला माहीत होतं. जाताना सांगून गेले होते. चपला दारात नव्हत्या, तेही मी बघून आले. तरी दारात त्यांच्या चपलांचा आवाज होईपर्यंत मी त्या वेतावर हात ठेवून उभी होते.